न धरलेले तास

आग्रा,
ता. ९ जानेवारी १९५६

प्रिय सौ. शालन हिस बबनचे अनेक आशीर्वाद. मी खुशाल आहे. तुझी व आबांची खुशाली कळवावी.

दिवाळीत तुला शब्द दिला होता, की हवाई दलातली मुदत संपली की मुंबईच्या विमान कंपनीत वैमानिक होईन आणि तुला घेऊन जाईन. आमच्यातल्या एका जुन्या माणसाने खात्री दिली होती, की इथले उड्डाणाचे तास मुलकी परवान्याला धरतात. काल दिल्लीच्या कचेरीचे उत्तर आले. तास धरतात, पण ज्याने स्वतः विमान चालवले त्याचे. मी त्याच्या पाठीमागे बिनतारी यंत्रापाशी बसणारा, माझा एकही तास कामाचा नाही. बर्फातून गेलो, पुरात अडकलेल्यांना वरून धान्य टाकले, सगळे फुकट. वाचून आधी हसलो, मग जेवण गेले नाही.

आबांना एवढ्यात सांगू नकोस. तुझी फार आठवण येते. लोभ आहे तसाच राहू दे, मी काही झालो नाही तरी.

तुझा,
बबन

चिखली,
ता. १७ जानेवारी १९५६

शि. सा. न. वि. वि. नाव पाकिटावर लिहिले आहे, तेवढे पुरे.

आबांना सांगू नको म्हणता, पण पत्र आले की तेच आधी समोर येऊन बसतात. वाचताना तो भाग गाळायला गेले आणि अडखळले, मग सांगावेच लागले. चाकणचा कांदा ट्रकने मुंबईला नेणारे जहीरभाई तेव्हा ओसरीवर होते. त्यांचे म्हणणे पडले, की यात नवल ते काय, क्लीनर जन्मभर ड्रायव्हरशेजारी बसला तरी त्याला लायसन कोण देतो? आबांना हे इतके पटले की आता येईल त्याला सांगतात, आमचा ल्योक इमानावरचा क्लीनर हाय म्हणून. रागावू नका, मीही हसले.

पण रात्री वाटले, आपल्या संसाराला हाच नियम लावला तर त्यातले काय धरले जाईल? लग्नाला पाच वर्षे झाली म्हणतात सगळे. मला तर तुमचा आवाजसुद्धा आठवून आठवून आणावा लागतो. पिंपरीला पेनिसिलिनचा कारखाना झाला आहे, तिथे यंत्रातले कळणारी माणसे हवी असतात. संध्याकाळी सायकलींवरून घरी जाणारे कामगार दिसतात आणि मला त्यांच्या बायकांचा हेवा वाटतो. या घरी. गाय व्याली, कालवड झाली.

लोभ करावा, आणि जमल्यास तो समक्ष येऊन करावा.

तुमची,
शालन

आग्रा,
ता. २६ जानेवारी १९५६

प्रिय सौ. शालन हिस अनेक आशीर्वाद.

क्लीनर म्हटल्याचा राग आला नाही. खोटे कशाला, थोडा आला.

आज साहेबांनी बोलावले होते. जवानांतून काही जणांना वैमानिकाच्या शिक्षणासाठी जोधपूरला पाठवतात, त्यात माझे नाव सुचवले आहे. तिथे पहिल्या दिवसापासूनचा प्रत्येक तास माझा असेल आणि पुढे मुलकी परवान्यालाही धरला जाईल. पण त्यासाठी आणखी बरीच वर्षे नोकरी बांधून द्यावी लागते. शिक्षण चालू असताना कुटुंबाला जागा नाही, सुटीही नावालाच. पंधरा दिवसांत होकार द्यायचा आहे.

मला जायचे आहे, शालन. तुझ्यापासून लपवत नाही. पण तू या म्हणालीस तर येईन आणि कारखान्यात लागेन. तुझ्या उत्तराची वाट पाहतो. तुझा लोभ मी गृहीत धरला, एवढी माझी चूक पोटात घाल.

तुझा,
बबन

चिखली,
ता. २ फेब्रुवारी १९५६

शि. सा. न. वि. वि. साहेबांना मुदत मागून घ्या, टपालाला वेळ लागतोच.

दोन कार्डांवर ‘या’ लिहिले आणि दोन्ही चुलीत घातली. तुम्ही याल, याची मला खात्री आहे. कारखान्यात जाल, आबांचे पाय चेपाल, कुणाला बोलून दाखवणार नाही. पण लोहगावचे विमान घरावरून गेले की ताटावरून मान वर होईल. मी समोर बसलेली असेन आणि तुम्ही तिथे नसाल. असला नवरा घेऊन मी काय करू? सही करा.

मात्र तुम्ही जोधपूरला आणि मी चिखलीला, हे आता मला सोसवत नाही. तुमच्या तळात बायकांना जागा नाही ना? तळाबाहेर गाव असेलच, गावात खोली असेलच. शिवणयंत्र माझ्या माहेरचे आहे, ते बरोबर घेते; कपडे काय तिकडेही फाटतात. सुटीच्या दिवशी या, नाहीतर कुंपणाबाहेरून मी बघेन. आबांना विचारले नाही, सांगितले. आधी ते उठून गोठ्यात गेले. काल म्हणाले, की तिकडं थंडी लई असती, घोंगडी ने. शेजारच्या गोजाबाई त्यांना भाकरी करून घालणार आहेत.

कोणत्या गाडीने निघावे ते कळवा. नाही कळवलेत तरी मी निघणार आहे.

तुमची,
शालन