सोनपाखराचा पाला

१२ ऑक्टोबर
डाकपाल म्हणून इथं नेमणूक झाली, जिंतूरहून एसटीनं आले. गाव येलदरीच्या अलीकडं, फाट्यापासून चालत. भारत आणि मनिषा यांच्या घराच्या पुढच्या खोलीत टपाल कार्यालय, तिच्यामागची खोली माझी, शेवटच्या खोलीत ते स्वतः. टेबल, शिक्का, वजनकाटा, अंगठा घ्यायचं यंत्र. खिडकीतून कापूस दिसतो. मनिषानं भाकरी आणि ठेचा दिला. मी पाण्यावर पाणी पीत राहिले तशी ती मनापासून हसली. सांगलीकडच्या बाईला तिखट सोसत नाही, हे तासाभरात गल्लीला कळलं. मला इथं बरं वाटेल.

१९ ऑक्टोबर
त्यांची मुलगी सृष्टी दुसरीत आहे. टपालाच्या टेबलाखाली बसते. तिनं पावसाळ्यात बाभळीवर धरलेलं सोनपाखरू पाळलंय. हिरवं, उन्हात धरलं की तांब्यासारखं. बांगड्यांच्या पुठ्ठ्याच्या डबीत राहतं, बाभळीचा पाला खातं. बाकी पोरींची पाखरं कधीच मेली, हिचं जगलं. डबी कानाला लावून ती त्याचं खाणं ऐकते. मलाही ऐकवलं. कुरकुर, बारीक, सलग. ऐकताना ती माझ्याकडे असं पाहत होती, जणू मी तिच्या घरी जेवायला आलेय.

२७ ऑक्टोबर
दिवाळी झाली. ते तिघं ऊस तोडायला निघाले, माझ्याच जिल्ह्यात. ते माझ्या मुलखात, मी त्यांच्या घरात. फडावरच्या पाचटाच्या कोपीत मुंग्या असतात, पाखरू टिकायचं नाही, असं मनिषा म्हणाली, म्हणून सृष्टीनं डबी माझ्याकडे दिली. मागच्या साली तिची शेळी विकली होती. पूर्ण हंगामभर सगळे तिला फोनवर शेळी बरी आहे म्हणून सांगत राहिले. तिनं एकच अट घातली.
"मेलं तर मेलं म्हणा, ताई. मी रडन, पण खोटं सांगू नका."
मी हो म्हणाले. ट्रॅक्टर वळेपर्यंत ती डबीकडेच पाहत होती.

३ नोव्हेंबर
पाखरू मेलं.
लांबच्या बाभळीपर्यंत जायला वेळ नव्हता म्हणून काल खिडकीसमोरच्या बांधावरच्या खुरट्या बाभळीचा पाला तोडला. तिथं काठीला एक रिकामी बाटली उलटी अडकवलेली होती. बुजगावण्यासारखं काही असेल, असं वाटलं. आज शेजारच्या धुरपताबाईंनी सांगितलं, बाटली दिसली की कापसावर फवारणी झालीय असं समजायचं. तिथला चारा कुणी शेळीलाही घालत नाही. एवढं तर लेकरांना बी कळतं, म्हणाल्या. चेष्टा केली नाही. केली असती तर बरं झालं असतं.
उताणं पडलं होतं, पाय पोटाशी. तुळशीच्या कुंडीत पुरलं. हात धुतले, परत धुतले.

४ नोव्हेंबर
सांगायचं ठरवून फोन लावला. मनिषानं उचलला. सृष्टी तापलीय, पोटात काही ठरत नाही, सारखं पाखराचं विचारते. तुमी नुसतं हाय म्हणा, म्हणाली.
मी सृष्टीला पाखरू आहे म्हणाले.
मग सृष्टीनं फोन डबीपाशी धरायला सांगितलं. मी नखानं पुठ्ठा खरवडला. ती बराच वेळ ऐकत राहिली. नंतर मनिषानं कळवलं, पोरीनं पेज घेतली.

७ नोव्हेंबर
रोज दुपारी फोन. रोज नख. ताप उतरत चाललाय. मी डबीत ताजा पालाही टाकते, लांबच्या बाभळीचा. रिकामी डबी खरवडायची लाज वाटते.

१० नोव्हेंबर
फोन धरला. नख लावायच्या आधीच आवाज आला. कुरकुर, बारीक, सलग.
सृष्टी म्हणाली, "आज लय खायलंय."
झाकण काढलं. आत कोणी नाही. पाल्याच्या नुसत्या काड्या.

११ नोव्हेंबर
मुंग्या असतील. डबी पुसली, पाला टाकला, झाकणावर दोरा बांधून टपालाच्या पिशवीला लावतात तशी लाख लावली. शिक्का मारला.
दुपारी लाख तशीच, शिक्का तसाच. फोडून पाहिलं. काड्या.

१२ नोव्हेंबर
कुंडी उकरली. पाखरू तिथंच आहे. वाळलेलं, हिरवं, अख्खं. मग डबीत—

१४ नोव्हेंबर
पाला टाकला नाही. डबी गप्प. दुपारी मनिषाचा फोन. पोरगी परत तापली, डोळे उघडत नाही. पाला टाकला. डबी वाजू लागली. थोड्या वेळानं पोरगी उठून बसली म्हणे.
धुरपताबाई मनीऑर्डरचं विचारायला आल्या होत्या. भिंतीत उंदीर झालाय का, असं विचारून गेल्या. म्हणजे त्यांनाही ऐकू येतं.

१७ नोव्हेंबर
सृष्टीला सांगून टाकलं. बांध, बाटली, कुंडी, नख. ती रडली नाही.
"मला त्याच दिशी कळलं. तुमी नखानं वाजवीत व्हता."
मी माफी मागितली. ती ऐकत होती, पण मला नाही.
"मंग आता तुमी कोणाला चारायलात, ताई?"

१९ नोव्हेंबर
लांबची बाभूळ कुणीतरी तोडून नेली. कुंपणाला काटे हवे होते म्हणे. बांधावरची तेवढी राहिली. काल परत फवारणी झाली. बाटली नवी आहे. तरी तोच पाला टाकला. दुसरा कुठून—
खाल्ला. त्याला काही झालं नाही.

२१ नोव्हेंबर
बांधावरच्या खुरट्या बाभळीलाही आता पान उरलं नाही. कडुलिंब टाकला, तुळस टाकली. शिवत नाही. डबी गप्प.
मनिषाचा फोन— दवाखान्यात नेलीय— सलाईन— ताप हटत नाही— ती रडत होती. मागून सृष्टीचा आवाज, अगदी हळू. मनिषाला अर्थ लागला नाही, तिनं तसाच निरोप दिला. त्याला आता पाला नको.

दुपार
डबी उघडली. लख्ख ऊन आहे. आत काही नाही, पुठ्ठा दिसतो. उजवा हात आत ठेवला. डाव्यानं लिहितेय.
कुरकुर. बारीक.
दुखत नाही. दुखायला हवं होतं.
फोन वाजतोय. उठून बसली असेल. उचलायला हवा, पण हा हात आता—