भागीदार दिवाळीनंतर येणार होता

तात्या, तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली आणि एवढ्या काळात मी तुम्हाला काही विचारलं नाही. आज विचारायचं आहे, म्हणून कागद घेऊन बसलो. दुपारची वेळ आहे, गाळ्यात गिऱ्हाईक नाही, मशीनला तेल घालून झालं आहे. लालबागला चाळीच्या जिन्याखाली मी शिवणकामाचं दुकान काढलं आहे. गाळा इतका अरुंद की कापायचं टेबल आत घ्यायला दार बिजागऱ्यांतून काढावं लागलं. माझी शाळा सातवीनंतर सुटली. तुम्ही असता तर ती सुटली नसती आणि हे दुकानही निघालं नसतं. त्यामुळे तुम्ही खूश झाला असता की रागावला असता, हे मला अजून ठरवता येत नाही.

दुकान दोघांचं ठरलं होतं, कारण मला शिवता येत होतं, कापता येत नव्हतं. कापणारा तो मास्तर आणि शिवणारा तो कारागीर, हे गिरगावातल्या दुकानात वीस वर्षं मास्तर म्हणून जगलेल्या तुम्हाला काय सांगायचं? गिऱ्हाईक कापड देतं ते कापणाऱ्याच्या हाताकडे बघून. कापणं मला का येत नव्हतं, तेही तुम्हाला ठाऊक आहे. आठवा, मी शाळकरी पोर, रविवार आहे. आईने शेगडी भिंतीकडे सरकवली आहे, जमिनीवर चादर घातली आहे आणि चादरीवर मामाच्या कोटाचं कापड. तुम्ही पाणी प्यायला उठता आणि मी कात्री उचलतो. बोटभर कापड कापलं जातं. तुम्ही मारत नाही. कात्री माझ्या हातातून काढून घेता आणि म्हणता, "खडू चुकला तर पुसता येतो. कापड एकदाच कापता येतं. तू वही धर." दुसऱ्या दिवशी कामावरून येताना तुम्ही माझ्यासाठी टाक आणि निळ्या शाईची बाटली आणली. तेव्हापासून घरी येणाऱ्या लोकांची मापं मी लिहू लागलो. नाव शुद्ध लिहायचं, आकडा सुटा लिहायचा, कुणाच्या अंगात काही वेगळं असेल तर शेजारी नोंदवायचं. ते मी आजही करतो. कात्रीला मात्र त्यानंतर हात लावला नव्हता.

माझा भागीदार आपल्याच गावचा. गिरगावातल्या एका मोठ्या दुकानात कापतो आणि फार सुरेख कापतो. त्याच्या कापलेल्या कापडावर शिवण घालताना मशीन आपोआप चालल्यासारखं वाटतं. गाळा घेतला तेव्हा तो म्हणाला, "दिवाळीनंतर नोकरी सोडतो. तोवर रोज सकाळी तासभर येऊन कापून ठेवत जाईन. तू दिवसभर शिव." दिवाळी झाली. मग म्हणाला, संक्रांत होऊ दे. मग शिमगा. पाटी रंगवायला दिली तेव्हा म्हणाला, "माझं नाव एवढ्यात नको, शेठला कळेल. जागा सोडून ठेव." म्हणून आमच्या पाटीवर डाव्या बाजूला माझं आडनाव आहे आणि उजवीकडे नुसता हिरवा रंग. सुरुवातीला तो रोज यायचा, मग दिवसाआड, मग आठवड्यातून दोनदा. तो आला नाही की मी रिकामा. लोक येत, मी माप घेई, वहीत लिही, कापडाची घडी फळीवर ठेवी. फळी भरत गेली.

शहरात संयुक्त महाराष्ट्रासाठी रोज सभा आणि मोर्चे चालू होते. तो एकही सभा चुकवत नसे. शिवाजी पार्कवरून परतला की दुसऱ्या दिवशी घसा बसलेला. मी एकदा म्हटलं, "अरे, तिथे हात वर करून दिल्लीला दम देतोस आणि इथे एका शेठला सांगायला तुला वर्ष लागतं?" तो हसला. "दिल्ली लांब आहे रे," म्हणाला. "शेठ समोर बसतो." मग जरा गंभीर होऊन म्हणाला, "बंद झाला तरी तिथला पगार चुकत नाही. तुझ्या गाळ्यात बंद म्हणजे बंद." ते खरंच होतं. हरताळाच्या दिवसांत मी दार लावून आत बसून होतो.

मग लग्नाचा कोट आला. वरच्या मजल्यावरच्या मावशींचा मुलगा रे रोडला लाकडाच्या वखारीत आहे. त्याचं लग्न पुढच्या रविवारी होतं. कापड चांगलं, काळं, लोकरीचं, मावशींच्या भावाने दिलेलं, आणि तसं दुसरं मिळण्याजोगं नव्हतं. चाळीतली सगळी घरं या कोटाकडे बघत होती. हा जमला तर चाळ आपली, फसला तर गाळा बंद करायचा, इतकं ते सरळ होतं. भागीदार सोमवारी येतो म्हणाला. सोमवारी आला नाही, मंगळवारी नाही, बुधवारी नाही. मावशी जिन्यावरून उतरता-उतरता रोज विचारीत, "काय रे झिला, कोट झालो काय?" बुधवारी मी "मास्तर आले नाहीत" म्हटलं, तर त्या पायरीवरच थांबल्या. "संयुक्त महाराष्ट्र होतलो रे बाबा," म्हणाल्या, "पण तुमचा दोघांचा दुकान काय संयुक्त होणा नाय!" जिन्यातल्या बायका हसल्या. मीही हसलो. 

त्याच दुपारी ट्रामने गिरगावात गेलो. मोठं दुकान, वर पंखा, शिसवी टेबल, आणि टेबलाशी तो, गळ्यात टेप, कानामागे खडू. क्षणभर तुम्हीच दिसलात. शेठने विचारलं, "कोण रे हा?" तात्या, तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "गाववाला आहे, शेठ. निरोप घेऊन आलाय." मला बाहेर घेऊन आला आणि हळूच म्हणाला, "उद्या सकाळी नक्की. आईशप्पथ. इथे कशाला आलास?" मी विचारलं, "तू शेठला काही बोललाच नाहीस ना?" तर म्हणाला, "बोलतो रे. बहिणीचं जमतंय, तेवढं होऊ दे." मी भांडलो नाही. भांडायला जोर लागतो. ट्रामची वाट न बघता भायखळ्यापर्यंत चालत आलो.

घरी आई भाकरी थापत होती. मी तिच्याजवळ त्याच्याबद्दल सगळं ओकलो. घाबरट, दोन दगडांवर पाय ठेवणारा, तोंडावर एक आणि मागे एक. ती ऐकत राहिली. मग तव्यावरची भाकरी उलटून म्हणाली, "तुझे वडील तरी दुसरं काय करत होते?" मला कळेना. ती म्हणाली, "त्यांचा तो दादरचा दोस्त. दोघांनी दुकान काढायचं म्हणून तीन वर्षं येत होता. चहा प्यायचा, बोलायचा. हे दर वेळी म्हणायचे, दिवाळी होऊ दे. एकदाही नाही म्हणाले नाहीत. शेवटी तोच यायचा थांबला." तो माणूस मला आठवतो, तात्या. चष्मा लावणारा, माझ्या अक्षराचं कौतुक करणारा. मला वाटायचं, तो सहज येतो. तुम्हाला हेच विचारायचं होतं. दर वेळी तो जिना उतरून गेला की तुम्हाला काय वाटायचं? सुटलो असं, की चुकलो असं? आणि आम्हा मुलांमुळे नाही म्हणायचं होतं, तर तसं सांगितलं का नाहीत?

गुरुवारी तो आला नाही. दहा वाजता मी फळीवरचे जुने पेपर काढले, तांदळाच्या खळीने एकाला एक चिकटवले आणि मोर्चांच्या बातम्यांवर कोटाची पाठ आखली. कागद कितीही वेळा कापता येतो. पहिला फसला, दुसरा फसला. तिसरा मी नवऱ्या मुलाला कामावरून बोलावून त्याच्या अंगाला लावून पाहिला. ओझी वाहून त्याचा डावा खांदा खाली गेला आहे, हे माझ्या वहीत लिहिलेलं होतं. पण वाचणं वेगळं आणि त्यावर कागद धरणं वेगळं. चौथा बसला. मग कापड अंथरलं. मुलाला मी परत पाठवून दिलं होतं, कारण माझे हात कुणी बघू नयेत असं वाटत होतं. भीतीपोटी शिवणीच्या आत चारी बाजूंनी दुप्पट माया, जास्तीचं कापड, सोडली, आणि कापलं.

शनिवारी सकाळी कोट दारात टांगलेला असताना भागीदार आला. त्याने कोट फिरवून बघितला, खांद्यावरून अंगठा नेला, आत हात घालून शिवण चाचपली. "कुणाकडून कापून घेतलास?"

"मीच कापला."

त्याने कोट आतून उलटा करून पाहिला. मग म्हणाला, "माया केवढी सोडलीस मेल्या, आत अजून एक नवरा मावेल." आम्ही दोघंही हसलो. "खांदा पण झक्कास बसवलायस," तो म्हणाला, आणि त्याच्या तोंडावर असा काही हलकेपणा आला की मला सगळं समजलं. मी म्हणायला हवं होतं, जा, तू मोकळा आहेस. ते न म्हणता मी म्हटलं, "सोमवारी तीन शर्ट कापायचे आहेत." तो म्हणाला, "येतो ना." मावशींनी कोट नेला. बाह्या अर्धं बोट लांब होत्या. "असू दे," त्या म्हणाल्या, "लग्नानंतर अंग भरता, हात पण वाढतले."

त्याला आता दोन महिने झाले. तो आला नाही आणि मी बोलवायलाही गेलो नाही. कापतो मीच. हळू कापतो, एका कोटाला अख्खा दिवस जातो, पण फळी रिकामी होत आली आहे. मला याचा आनंद व्हायला हवा होता, झाली ती दमणूक. तो अर्धा आत आणि अर्धा बाहेर होता तेव्हा मी रोज त्याच्या नावाने बोटं मोडत होतो. आता कळतं की त्यात माझी सोय होती. दुकान बुडालं असतं तर त्याच्यामुळे बुडालं असतं. आता बुडालं तर माझ्यामुळे.

हा कागद मी कुठल्या पेटीत टाकणार? तुमचा शेवटचा पत्ता होता ती खोलीसुद्धा आता दुसऱ्या कुटुंबाकडे आहे. शाई वाळली की घडी घालून ठेवीन. पण एक गोष्ट सांगून टाकतो, कारण ती आईलाही सांगितलेली नाही. गिऱ्हाइकांना मी अजून म्हणतो की कापणारे मास्तर वेगळे आहेत, सकाळी येऊन कापून जातात. मीच कापतो म्हटलं तर कापड देणार नाहीत, अशी धास्ती वाटते. काल एका नव्या माणसाने पाठीची शिवण बघून विचारलं, "हात जुना दिसतो. मास्तर वयस्कर असतील ना?"

तुम्ही चाळिशीतच गेलात. तरी मी हो म्हणालो.