कावळा भडंग खाऊन गेला

प्रिय अबोली,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र बाजूला ठेवशील, मला ठाऊक आहे. ठेव, पण फाडू नकोस. फोनवर मला नीट बोलता येत नाही. जे सांगायचंय ते सांगताना मध्येच कुणी "हॅलो, आवाज येत नाही" म्हणालं, तर पुन्हा सुरू करणं माझ्याच्यानं व्हायचं नाही. म्हणून कागद घेऊन बसलेय. बत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवलं, पत्रलेखन दुसऱ्या बाई शिकवायच्या. तेव्हा पाल्हाळ होईल, चालवून घे.

तुझा बाबा, माझा किसना, जाऊन आज चौदा दिवस झाले. तू आली नाहीस म्हणून मी रागावलेली नाही, हे आधी लिहून टाकते. भावकीतल्या बायकांनी तोंड सोडलंच. सख्खी लेक, साताऱ्याहून सांगलीला यायला तीन तास लागत नाहीत, वगैरे. मी म्हटलं, तिचं ती बघेल, तुम्ही चहा घ्या. तू अकरा वर्षं त्याच्याशी का बोलत नव्हतीस, ते मला माहीत आहे. नववीत असताना शाळेच्या गॅदरिंगला पहिल्यांदा एकटी ड्रम वाजवायला बसलीस आणि तो आला नाही. त्याच संध्याकाळी इस्लामपूरला स्टेजवर हसत हसत वाजवतानाचा त्याचा व्हिडिओ दुसऱ्या दिवशी तुझ्या वर्गातल्या पोरींच्या मोबाईलवर फिरला. त्यानंतर तू स्टिक हातात धरली नाहीस, असं तुझी आई सांगते. पद्माचं आणि त्याचं आधीच फाटलेलं होतं, पण तू त्याची होतीस. त्या दिवसापासून तीही राहिली नाहीस.

तुला वाटतं, तो सगळ्या गावाचा होता आणि तुझा नव्हता. मलाही वाटायचं. खरं सांगायचं तर त्याच्या त्या धडामधूमचं मला कधी कौतुक नव्हतं. कुपवाडच्या कारखान्यात चांगला फिटर होता, साहेब मान देत होते, आणि हा जेवणाच्या सुट्टीत तेलाचे डबे पालथे घालून बडवायचा. तिथलाच राजवर्धन गायला लागला, आणखी दोघं गिटारवाले मिळाले, झाला बँड. नाव काय ठेवावं माणसानं? 'चिपाड'! मी म्हटलं, किसना, अरे देवाधर्माचं नाही तर निदान फुलाफळाचं तरी ठेव. तर म्हणे, "अक्का, रस काढून घेतल्यावर जे उरतं ते आम्ही, आणि चिपाड पेटतं लय भारी." मी ताशेवाल्याची उपमा देऊन त्याला आठ दिवस टोचत होते. तो हसायचा. त्याला राग येत नसे, हाच त्याचा मोठा दोष होता. घरात कुणीतरी रागवावं लागतं, ते काम मग माझ्याकडे आलं.

तू तीन वर्षांची असताना तो तुला मांडीवर घेऊन तुझ्या दोन्ही हातांत चमचे द्यायचा आणि पुढ्यात पोळपाट. पद्मा पोळ्या लाटायची खोळंबलेली, आणि तुमचं दोघांचं चाललेलं. एकदा मी येऊन पोळपाट ओढून घेतला तर तू भोकाड पसरलंस आणि तोही तुझ्याबरोबर रडण्याचं सोंग करायला लागला. मी दोघांनाही रागे भरले. आता वाटतं, दहा मिनिटं उशिरा जेवलो असतो तर काय बिघडलं असतं.

त्याचं दुखणं दोनच दिवसांचं. छातीत कळ आली, मिरजेला दाखल केलं. अतिदक्षता विभागात संयोगिता नावाची नर्स होती, चिपाडची चाहती. त्याला ओळखल्यावर ती बाहेर जाऊन डोळे पुसून आली. मग इतकी शिस्तीत वागली की मलाच धाक वाटला. हा पडल्या पडल्या कॉटच्या दांडीवर बोटांनी ताल धरायचा. शेजारच्या पेशंटच्या बायकोनं तक्रार केली तर संयोगिता म्हणाली, "मावशी, तेवढं सोडून बोला." दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं मला विचारलं, अबोली अजून वाजवते का? मी म्हटलं, नाही. तो बराच वेळ वर पंख्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "तिला माझी लाज वाटते ते ठीक आहे अक्का, वयच तसं होतं. पण माझ्यापायी तिनं हात थांबवायला नको होता." हे वाचून तू म्हणशील, लाज? लाजेचं कुठून काढलं? थांब जरा. तिथंच यायचंय मला, पण सरळ जायला पाय उचलत नाही.

त्याला नेलं तेव्हाचं सांगते. मी समजत होते, भावकीची पंचवीस-तीस माणसं होतील. दारात बघते तर कुपवाडपासून रांग. दोनशेवर मोटरसायकली, काळे टीशर्ट, पाठीवर 'चिपाड'. कुणी वाळव्याचा ट्रॅक्टरवाला, कुणी इंजिनिअरिंगच्या पोरी, एक तर साठीचे पेन्शनर, धोतरावर तो टीशर्ट घालून. प्रत्येकाच्या हातात काहीतरी वाजवायचं. पाना, स्टीलचं ताट, डब्याचं झाकण. माझं डोकंच फिरलं. दादासो म्हणून एक आहे, लेथवर काम करतो, तो त्यांचा पुढारी. त्याला गाठून म्हटलं, ही मयत आहे की वरात? तो बिचारा हात जोडून म्हणाला, "आवं बाई, दादाला गप कसं न्यायाचं? त्यो कवा गप बसलाय का?" माझाच विद्यार्थी निघाला तो, गणितात दोनदा नापास झालेला.

त्यांची एक रीत आहे, तुला माहीत असेल. कार्यक्रमाचं शेवटचं गाणं संपताना तुझा बाबा दोन्ही स्टिक वर उचलून थांबायचा, आणि शेवटचा ठोका लोक द्यायचे. तो स्वतः कधीच द्यायचा नाही. मी त्याचा एकही कार्यक्रम पूर्ण बघितला नव्हता, त्यामुळे मला हे स्मशानात कळलं. भावकीतल्या अवधूतनं अग्नी दिला आणि सगळे गप्प उभे राहिले. मला वाटलं, झालं. आणि मग दोनशे माणसांनी एकदम, एकच ठोका दिला. एकसुद्धा मागेपुढे झाला नाही. माझ्या वर्गात पाढेसुद्धा इतके एकसुरात कधी म्हटले गेले नाहीत. मी तिथंच मातीत खाली बसले आणि मोठ्यानं रडले. एका पोरीनं, ओळख ना पाळख, मला पोटाशी धरलं. पन्नास वर्षं ज्याला नावं ठेवली तो माझा भाऊ काय होता, हे मला त्या पोरांकडून कळलं.

आता दहाव्याचं. कृष्णेच्या घाटावर सकाळी आठला पिंड मांडले. पोरं पुन्हा हजर, या वेळी साठ-सत्तर. सगळे मागे सरकून हात जोडून उभे. कावळे होते, भरपूर होते, समोरच्या पिंपळावर बसून आमच्याकडे बघत होते. शिवायला एक येईना. अर्धा तास गेला. गुरुजी म्हणाले, काही इच्छा राहिली असेल तर बोला, शब्द द्या.

मग सुरू झालं. राजवर्धन पुढे झाला, किसना, तुझा सेट कुणाला विकणार नाही, बँड बंद करणार नाही. कावळे ढिम्म. इंजिनिअरिंगची पोरगी म्हणाली, दादा, मी रोज दोन तास रियाज करेन. काही नाही. दादासोनं तंबाखू सोडायचा शब्द दिला, तर मागून कुणीतरी म्हणालं, "ह्यो दर गणपतीला सोडतूय, त्यो कावळा बी वळखतुया." मयताच्या कार्यात मला हसू फुटलं, अबोली. तुझा बाबा असता तर लोळला असता. मग त्यांच्या डोक्यातून निघालं की दादाला भडंग लय आवडायचं, भडंगाशिवाय तो स्टेजवर चढायचा नाही. एकजण गाडीवर जाऊन पुडा घेऊन आला. पिंडाशेजारी ओतला. लगेच एक कावळा खाली उतरला, सगळ्यांनी श्वास रोखले. त्यानं भडंग खाल्लं. शेंगदाणे वेचून वेचून खाल्ले, पिंडाकडे ढुंकून बघितलं नाही, आणि उडून गेला. हे धरायचं की नाही यावर पोरांत वाद लागला. ट्रॅक्टरवाला म्हणत होता, दादाच आलता, दादा असंच करनार. गुरुजी म्हणाले, भडंगाला शास्त्रात आधार नाही.

दहा वाजत आले. ऊन चढलं. गुरुजींनी दर्भाचा कावळा करायला घेतला. म्हणजे खरा येत नाही तेव्हा दर्भाचाच करून पिंडाला लावतात आणि सुटका करतात. सगळी पोरं खाली माना घालून उभी. आपलाच काहीतरी शब्द द्यायचा राहिला असं प्रत्येकाला वाटत होतं. दादासो तर रडत होता. त्या कुणाचंच काही राहिलं नव्हतं. कुणाचं राहिलंय ते तिथं एका माणसाला पक्कं माहीत होतं, आणि ते माणूस पदर डोक्यावर घेऊन मागे उभं होतं.

मी पुढे गेले आणि सगळ्यांच्या देखत मोठ्यानं बोलले. जे बोलले तेच इथं लिहिते. किसना, पोरीनं तुला बोलावलं होतं. आईच्या घरून तुला फोन करता येत नाही म्हणून तिनं मला फोन केला, बाबांना सांग, पहिल्या रांगेत खुर्ची धरून ठेवतेय. मी तुला उलटं सांगितलं. तिला तुझी लाज वाटते, तू येऊ नकोस असं ती म्हणते, हे मी माझ्या मनानं सांगितलं. आणि तू मानलंस, कारण अक्का खोटं बोलत नाही. अबोली, मला भीती वाटत होती. तू त्याच्यासारखी होशील, शिक्षण सोडून स्टेजवर जाशील, पद्माचं झालं तसं तुझंही वाटोळं होईल. मला वाटलं, एक कार्यक्रम चुकेल, महिनाभर रुसशील, अभ्यासाला लागशील. इस्लामपूरला तो तुझ्या गॅदरिंगसाठी आधी नाही म्हणाला होता, माझा निरोप ऐकल्यावर गेला. नंतर तू मला विचारलंस, सांगितलं होतंस ना आत्या, तर मी हो म्हटलं. महिन्याचं वर्ष झालं, वर्षाची अकरा झाली, आणि दर वर्षी सांगणं जास्तच अवघड होत गेलं. मिरजेला त्यानं लाजेचं काढलं तेव्हाही मी पंख्याकडेच बघत बसले. घाटावर मी हे सगळं बोलले आणि शेवटी म्हटलं, तिला मी हे सांगते. मी मागे वळण्याच्या आत कावळा शिवला. त्याला भूक लागली असेल, मी गणिताची बाई आहे, मी कावळ्याबिवळ्यावर विश्वास ठेवत नाही. पण शब्द दिलाय. पोरं माझ्याकडे बघेनात. दादासोनं तेवढं माझ्या चपला उचलून आणून पायाशी ठेवल्या. मला माफ कर असं मी म्हणणार नाही, तो तुझा तू हिशेब बघ. राग आहे तेवढा सगळा माझ्यावर काढ, त्याच्यावर ठेवू नकोस. तो तुझ्या एका हाकेवर आला असता. त्याला हे सांगायला मला उशीर झाला, तुला सांगायला होऊ नये म्हणून लिहिलं.

तू ठेवशील तर तुझीच,
बनूआत्या