पडद्यावरचा देशमुख

पालम, १९८२

दिग्दर्शक साहेब,

यात्रेतल्या तंबूत तुमचा पिक्चर पाहिला. माझी दिवाळी अंकातली गोष्ट तुमी घेतली. लढाई ठेवली, विहिरीवरची भेट ठेवली. पण बौद्धवाड्यातला जवान उत्तम खिल्लारे तुमी उत्तमराव देशमुख करून टाकला.

चार वर्षांखाली विद्यापीठाचं नाव बदलू नये म्हणून आमच्या मराठवाड्यात माणसांची घरं जाळली. तुमी उत्तमचं आडनाव बदललं, तर कुणी ब्र काढला न्हाई.

शेवटी तुमी त्याला सरहद्दीवर मारलं. सारा तंबू रडायला लागला. माझ्या शेजारचा माणूस मात्र हसायला लागला. एकाहत्तरच्या लढाईत त्याचा एक हात गेला, म्हणून शेंगा मीच फोडून देत होते. म्हणला, "देशमुख मेला ते लय बरं झालं. मी वाचलो."

हे पत्र टपालात टाकणार न्हाई. यात्रेतल्या तुमच्या पोस्टरवर खळ लावून चिकटवणार हाय, हिरोच्या तोंडावरच. अंकात माझं माहेरचं नाव होतं. ह्या खेपेला पुरं नाव लिहिते. फाडायचं त्यानं आधी घरी येऊन आमच्या दोघांशी बोलावं.

कस्तुरा उत्तम खिल्लारे