लाल बादली आणि नियम सातवा

२३ नोव्हेंबर २०२५, रविवार. सकाळी ७.१०
नवी डायरी सुरू. जुनीत मन लागेना.
काल आमच्या मुलाचा, आल्हादचा पुण्याहून फोन. म्हणाला, आई जानेवारीत तिकडे येणार आहे, अक्कांचा नवस फेडायला. मी शांतपणे "बरं" म्हणालो. फोन ठेवल्यावर दोन वेळा चहा केला आणि दोन्ही वेळा उतू घालवला.
अक्का म्हणजे माझ्या सासूबाई. आल्हादला मुलगी व्हावी म्हणून त्यांनी नवस बोलला होता: लेकीच्या अंगणात रोडगे करीन. स्वरदा झाली, आता ती चार वर्षांची आहे. नवस मात्र राहिला. त्यांची लेक म्हणजे चारुलता, आणि चारुलताचं अंगण म्हणजे आमचं खामगावचं अंगण. तेव्हा तिला इथेच यावं लागणार. ही साधी कायदेशीर बाब आहे.
चारुलता सध्या पुण्यास तात्पुरत्या मुक्कामी आहे. मार्च २०२४ पासून.

२५ नोव्हेंबर
संकल्प: १. अंगण साफ करणे. २. रोडगे स्वतः शिकणे. ३. कुणाला नियम सांगत न बसणे.
तिसरा आजपासूनच लागू.

२६ नोव्हेंबर
समोरच्यांच्या मुलाने गॅलरीत कोळशाची शेगडी पेटवून कणसं भाजली. ठिणगी वाळत घातलेल्या चादरीवर पडू शकते हे मी फक्त लक्षात आणून दिलं. याला नियम सांगणं म्हणत नाहीत.

३० नोव्हेंबर, रविवार
आज आपली नियमावली पुन्हा वाचली. 'मधुबन कॉलनी: अंगणातील विस्तव, शेकोटी व तत्सम भाजणे यांबाबत नियम.' एकूण अकरा. बत्तीस वर्षं कचेरीत मसुदे लिहिले, पण असा मसुदा पुन्हा होणे नाही. नमुन्यादाखल:
नियम २: रोडगे (कणकेचे जाड गोळे, गोवऱ्यांच्या विस्तवात भाजलेले) हेही 'तत्सम भाजणे' समजावे.
नियम ३: विस्तवाजवळ पाण्याच्या दोन व वाळूची एक बादली हाताशी असावी.
नियम ७: सायंकाळी सहानंतर विस्तव विझवणे बंधनकारक.
कॉलनीच्या सभेत हे एकमताने मंजूर झालं होतं. सभेला मी आणि प्रेमानंद वानखडे होतो. प्रेमानंद तेव्हा फोनवर बोलत होते.

३ डिसेंबर
चारुलताला मेसेज केला: "नवसाची सर्व तयारी इकडून होईल. काळजी नसावी." दोन निळ्या खुणा आल्या. चार तासांनी उत्तर: "बघू."
कचेरीत 'बघू' म्हणजे विचाराधीन. विचाराधीन म्हणजे नामंजूर नव्हे. मी तर म्हणेन, जवळजवळ होच.

७ डिसेंबर, रविवार
गोवऱ्या आणल्या. नाक्याजवळच्या तानाबाई विकतात. मी एकसारख्या आकाराच्या, कडा न तुटलेल्या निवडून मागितल्या. त्यांनी विचारलं, "साहेब, धुऊन पायजे का इस्त्री करून?" आजूबाजूचे हसले. मीही हसलो, कारण माणसाने हसावं.
मग रोडग्यांचं विचारलं. त्यांचं म्हणणं, निखाऱ्यांचा आर चांगला पडू द्या, गोळे त्यात पुरा आणि जवळ बसून राहा. मी विचारलं, किती मिनिटं? त्या म्हणाल्या, "मिनटं कायले मोजता? जवळ बसा लागते, बस. ज्याले बसता येत नाही त्याचे रोडगे कच्चे."
अशास्त्रीय उत्तर. तरी लिहून ठेवलं.

१० डिसेंबर
नियम ५ नुसार विस्तवाला पंधरा दिवस आधी लेखी परवानगी लागते. कॉलनीचे सेक्रेटरी आता प्रेमानंद आहेत, निवृत्त मास्तर. अर्ज तीन प्रतींत घेऊन गेलो. ते म्हणाले, "काका, तुमचं अंगण, तुमच्या गोवऱ्या. पेटवा ना. मले काऊन विचारता?"
मी म्हणालो, नियम म्हणजे नियम.
त्यांनी चष्मा लावून अर्ज वाचला. 'कारण' या रकान्यात मी लिहिलं होतं: पत्नी परत येणार आहे. ते बराच वेळ तिथेच पाहत राहिले. मग तिन्ही प्रतींवर 'मंजूर' लिहून सही केली आणि आत चहा सांगितला.

१४ डिसेंबर, रविवार. संध्याकाळी ५.४०
रंगीत तालीम. आठ गोळे. तीन बादल्या जागेवर. थर्मामीटर सापडला नाही.
५.५५: वरून काळे, म्हणजे आतून झालेच असणार.
६.००: नियमानुसार विझवलं. पाण्याने नव्हे, वाळूने. ही सुधारणा.
६.२०: आतून कच्चे. वाळू दातात. दोष गव्हाचा.

१५ डिसेंबर
पोट बिघडलं.

१८ डिसेंबर
कालपासून डोक्यात तो दिवस घोळतो आहे. एकदा लिहूनच टाकावा, म्हणजे फाइल बंद होईल.
दिनांक २८ जानेवारी २०२४, पौषातला रविवार. चारुलताने याच अंगणात त्या नवसाचे रोडगे घातले होते. अमडापूरहून अक्का आल्या होत्या, चारुलताचे भाऊ भाऊराव आले होते, माहेरची पंधरा माणसं होती. मंडळी उशिरा पोचली, विस्तव उशिरा पेटला. सहा वाजले. मी सूचना दिली. सहा वाजून पाच मिनिटांनी दुसरी सूचना दिली. चारुलता म्हणाली, "अहो, पंधरा मिनिटं. अक्का सकाळपासून उपाशी आहे." सहा वाजून दहा मिनिटांनी मी कार्यवाही केली.
लाल बादलीने.
सगळं नियमात होतं. नियमावली करणाऱ्यानेच सूट घेतली तर उद्या कोण मानेल? शिवाय कॉलनीतून तक्रार येण्याची शक्यता होती.
अक्का म्हणाल्या, "असू द्या जवाईबापू, पुढच्या साली करू." पदराने तोंडावरची राख पुसली आणि गाडीत बसल्या. वीस दिवसांनी त्या गेल्या. वय ऐंशी होतं. दोन्ही गोष्टींचा संबंध नाही, हे डॉक्टरही सांगतील.
तेरावं झालं आणि चारुलता आल्हादबरोबर पुण्याला गेली, थोडी हवापालट म्हणून.
फाइल बंद.

२१ डिसेंबर, रविवार
दुसरी तालीम. सव्वासहापर्यंत थांबायचं ठरवलं होतं. सहाला हात आपोआप बादलीकडे गेला. सवय वाईट.

२५ डिसेंबर
तुळशीला पाणी घातलं. तुळस दीड वर्षापूर्वीच वाळली आहे, पण चारुलताला कुंडी ओली दिसावी. तिची खोली झाडली. कपाटात तिच्या सहा साड्या आहेत. माणूस कायमचा जाणार असेल तर सहा साड्या ठेवून जाईल का? हा पुरावा कुठल्याही कोर्टात टिकेल.

२ जानेवारी २०२६
आल्हादचा फोन. नवस ११ तारखेला, रविवारी. मी म्हणालो, सगळी तयारी आहे, परवानगीसुद्धा आहे, तीन प्रतींत. तो म्हणाला, "बाबा, नवस अमडापूरला आहे. मामांकडे."
मी म्हणालो, पण लेकीच्या अंगणात असं अक्का बोलल्या होत्या. तो म्हणाला, "आई म्हणते, माहेरचं अंगण तेच माझं अंगण."
मी म्हणालो, ठीक आहे, तिकडे जागा मोठी आहे.
खरं आहे. जागा मोठी आहे.

५ जानेवारी
अद्याप आमंत्रण नाही. घरच्या माणसाला कुणी आमंत्रण देतं का?

८ जानेवारी
भाऊरावांना मीच फोन केला, सहज, प्रकृतीची चौकशी म्हणून. शेवटी ते म्हणाले, "या ना भाऊजी, तुम्हाले कोण नाही म्हणते?" याहून स्पष्ट आमंत्रण काय असतं?
काय बोलायचं तेही ठरवलं: "चारुलता, माझी चूक झाली." चार शब्द. आरशासमोर म्हणून पाहिले. तिसऱ्यापर्यंत जमतात.

१० जानेवारी
सासरी रिकाम्या हाताने जाऊ नये. मिठाई सगळेच नेतात. विचार केला, भाऊरावांच्या अंगणात विस्तव मोठा, शेजारी कडब्याची गंजी, आणि भाऊराव म्हणजे सुरक्षेच्या बाबतीत आनंदीआनंद. वाळूची बादली न्यावी. पाणी नव्हे, वाळू. पाण्याने रोडगे भिजतात हे मला आता कळतं आणि हे तिलाही दिसेल. बोलण्यापेक्षा करून दाखवलेलं बरं.
लाल बादली तेवढी धड आहे. बाकीच्या गळतात.

११ जानेवारी, रविवार. सकाळी ९.१५, खामगाव स्टँड
चिखली गाडीची वाट पाहतो आहे. इस्त्रीचा शर्ट. बादली, वर फडकं बांधून.

९.५०, गाडीत
कंडक्टर म्हणाले, "काका, वाळू कायले नेऊन राह्यले? अमडापुरात वाळू सरली का?" गाडी हसली. मी सांगितलं, घरचं कार्य आहे.

१२ जानेवारी, सोमवार. दुपारी
काल लिहिता आलं नाही.
अमडापूरला उतरलो. वाटेत दोनदा बादली खाली ठेवून दम खाल्ला. भाऊरावांच्या फाटकातूनच धूर दिसला. अंगणात बाया गोल बसल्या होत्या. वांग्याच्या भाजीचा वास येत होता. स्वरदा कुणाच्या तरी मांडीवर होती, केवढी मोठी झाली आहे. चारुलता काठीने आर सारखा करत होती. केस बरेच पांढरे झालेत तिचे. बरी दिसत होती. खरं म्हणजे छान दिसत होती, आणि मला एकदम फार बरं वाटलं.
मी आत शिरलो. "चारुलता" एवढं म्हणालो.
तिने वर पाहिलं. माझ्याकडे नाही, बादलीकडे. काठी टाकली, ताडकन उठली आणि माझ्या आणि विस्तवाच्या मध्ये येऊन उभी राहिली. दोन्ही हात पसरून.
ती म्हणाली, "नाही. आज नाही हो. आज नका ना."
घरात ती माझ्याशी कधी अशी बोलली नव्हती. भांडायची, टोमणे मारायची. ही विनवणी होती. अडतीस वर्षं माझ्याबरोबर संसार केलेली बाई मला भीत होती.
मला म्हणायचं होतं की वाळू आहे. फडकं सोडून दाखवायचं होतं. चार शब्दही होते. तोंडातून आलं ते असं: "नियम तीन."
भाऊराव पुढे आले. "द्या भाऊजी इकडं," म्हणाले आणि बादली माझ्या हातातून हळूच काढून घेतली, लेकराच्या हातून सुरी घ्यावी तशी. गोठ्यामागे ठेवून आले. मला ओसरीवर खुर्ची दिली. विस्तवापासून लांब.
रोडगे निघाले तेव्हा दोन वाजले होते. नैवेद्य झाला. अक्कांच्या फोटोपुढे पहिलं पान ठेवलं. मग मला वाढलं. वरणात रोडगा कुस्करला, चारुलताने त्यावर तूप घातलं. "आणखी?" तिने विचारलं. मी हो म्हणालो, ती समोर थोडा वेळ उभी राहावी म्हणून. तिने तूप घातलं आणि पुढच्या पानावर गेली.
इतके चांगले रोडगे मी जन्मात खाल्ले नाहीत. हे मी अक्कांना सांगायला हवं होतं. दोन वर्षांपूर्वी पंधरा मिनिटं थांबलो असतो, तर सांगता आलं असतं.
चार वाजता आल्हाद सगळ्यांना घेऊन पुण्याला निघाला. स्वरदाने हात हलवला, तिला मी कोण हे नीट आठवत नसावं. मी गाडीजवळ गेलो आणि चारुलताला म्हणालो की तुझ्या साड्या आहेत घरी, सहा. ती म्हणाली, "माहीत आहे. त्या तानाबाईला देऊन टाका. थंडीत गोधडीला होतील."
आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

१३ जानेवारी
भाऊरावांचा फोन. बादली इकडेच राहिली, कुणाबरोबर पाठवू का? मी म्हणालो, राहू द्या.

१८ जानेवारी, रविवार. संध्याकाळी ६.४५
साडेपाचला अंगणात गोवऱ्या पेटवल्या. उरलेल्या संपवायच्या म्हणून. चार गोळे पुरले. शेजारी पाट टाकून बसलो.
सहा वाजले. बसून राहिलो. हात मांडीखाली दाबून धरले होते.
सहा दहाला प्रेमानंद फाटकाशी आले. वाटलं, आता सेक्रेटरी म्हणून काही बोलतील. ते पायरीवर बसले. अंधार पडेपर्यंत आम्ही विस्तव पाहत होतो. मग मी विचारलं, त्या दिवशी, दोन वर्षांपूर्वी, तुमच्याकडे कुणी तक्रार केली होती का? धुराची, वेळेची, कशाचीही?
ते म्हणाले, "तक्रार कोण करणार, काका? आख्खी कॉलनी जेवाले येणार होती. काकूंनी घरोघरी सांगितलं होतं. मीपण हात धुऊन बसलो होतो."
मला सांगितलं नव्हतं तिने. की सांगितलं होतं आणि मी घड्याळ पाहत होतो, आठवत नाही.
रोडगे चांगले झालेत. चारही. दोन प्रेमानंदांना दिले. दोन ताटात आहेत.