आप्पांच्या फोनमधलं रूट

३ जून, मंगळवार
आजपासून नोंदी ठेवायच्या. तांत्रिक माणसाला ती शिस्त लागते. मी स्टेशनरी विभागात असलो तरी ऑफिसात मला सगळे इंजिनिअर म्हणतात. हसत म्हणतात, पण म्हणतात.

आप्पांच्या कानाचं नवीन मशीन आलं. वडील अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. जन्मभर घड्याळं दुरुस्त केली. गेल्या वर्षभरात कानांनी अगदीच राम म्हटला. दोन कानांना दोन, प्रत्येक शेंगदाण्याएवढं. कानात गेलं की बाहेरून दिसतसुद्धा नाही. फोनवर त्याचं ॲप असतं. ते आधी सुरू व्हावं लागतं, मग क्लिनिकवाले मशीन फोनशी जुळवून देतात.

क्लिनिकमधल्या बाईंनी आप्पांच्या फोनवर ॲप टाकलं. ॲप म्हणालं, हा फोन रूट केलेला आहे, मी इथे चालणार नाही. बाईंनी विचारलं, या फोनला कोणी काही केलंय का? मी खिडकीबाहेर पाहिलं. त्यांची पार्किंगची सोय चांगली आहे.

४ जून, बुधवार
खुलासा, फक्त नोंदीसाठी. फोन मी रूट केला. फेब्रुवारीत. रूट म्हणजे फोनवरचा सगळ्यात वरचा अधिकार. कंपनी तो स्वतःकडे ठेवते आणि आपल्याला भाडेकरूसारखं वागवते. मी तो आप्पांना मिळवून दिला. त्यांनी मागितला नव्हता, पण सगळंच काय मागायची वाट बघायची?

फायदे: फालतू ॲप कायमची काढता आली. त्यात अलार्मही गेला. घड्याळजीला अलार्म कशाला?

७ जून, शनिवार
ही म्हणाली, कोपऱ्यावरच्या मोबाईलवालीकडे द्या, ती करून देईल. मी म्हणालो, ती बाई चार्जिंगची भोकं साफ करते, हा विषय वेगळा आहे. रूट काढणं म्हणजे घालण्याच्या उलट. शर्टासारखं. उद्या सकाळी नऊला बसतो. चाळीस मिनिटं.

मग हिने एक सांगितलं. आप्पांना मशीन टीव्हीसाठी नकोच आहे. आईच्या निरोपांसाठी हवंय. आई जाऊन दोन वर्षं झाली. ती टाईप करायला कंटाळायची, म्हणून घरातून दुकानात आप्पांना आवाजातच निरोप पाठवायची. असे दीडशेच्या वर निरोप फोनमध्ये आहेत. आप्पा रोज दुपारी फोन कानाला लावतात, थोडा वेळ धरतात आणि ठेवून देतात. काही कळत नाही त्यांना. नव्या मशीनमध्ये फोनचा आवाज थेट कानात जातो.

मी म्हणालो, मला माहीत होतं. आता माहीत आहे, त्यामुळे हे खोटं म्हणता येणार नाही.

८ जून, रविवार
९.००. बसलो.
९.२०. रूट सांभाळणाऱ्या ॲपमध्ये 'पूर्णपणे काढून टाका' असं बटणच आहे. दाबलं.
९.२६. फोन बंद होऊन चालू झाला. रूट गेलं! हिला हाक मारून दाखवलं. ती म्हणाली, बरं.
९.३१. कानाचं ॲप अजूनही नाही म्हणतंय.
१०.४५. कारण सापडलं. रूट करण्यापूर्वी मी फोनचं मुख्य कुलूप उघडलं होतं. त्याला बूटलोडर म्हणतात. पाहुणा गेला, पण दार सताड उघडंच आहे. ॲपला ते दिसतं. म्हणजे कुलूप लावायचं. कॉम्प्युटरला फोन जोडून एक ओळ टाईप करायची, झालं.
११.३०. कॉम्प्युटरला फोन दिसत नाही.
१.१५. अजूनही नाही. कॉम्प्युटर जुना झालाय.

आप्पा दारात उभे राहून बघत होते. म्हणाले, "उघडण्याआधी स्क्रू कुठे ठेवायचे ते ठरवलंस ना?" मी ओरडून सांगितलं की यात स्क्रू नसतात. शेजाऱ्यांनाही कळलं असावं.

११ जून, बुधवार
फोन ऑफिसात नेला. तिथल्या कॉम्प्युटरलाही दिसला नाही. दोन्ही कॉम्प्युटर एकाच वेळी बिघडावेत हे विशेष. सिस्टीम विभागातल्या मॅडमनी विचारलं, काय करताय? म्हणालो, टेस्टिंग. मग त्यांनी माझ्या कॉम्प्युटरची सगळी भोकं बंद करून टाकली. आता माऊसही चालत नाही.

आज फोन नव्हता, तर दुपारी आप्पा काय करत होते ते हिला विचारलं. नुसते बसले होते म्हणाली.

१४ जून, शनिवार
घरच्या कॉम्प्युटरमधलं सगळं पुसून पुन्हा नव्याने भरलं. पाच तास गेले. फोन तरीही दिसेना.

आप्पा आले. मी लावलेली वायर उचलली, बोटांत फिरवली, टोक डोळ्याजवळ नेऊन पाहिलं. मग आपल्या खणातून दुसरी आणून दिली. म्हणाले, ही तुझी नुसती चार्जिंगची. हिच्यात माहितीच्या तारा नसतात.

दुसरी वायर लावली. फोन दिसला.

याच निष्कर्षापर्यंत मी येतच होतो.

१५ जून, रविवार
८.३०. आज शेवट. कुलूप लावलं की फोन स्वतःला कोरा करतो, असं इंटरनेटवरचा व्हिडिओवाला तीन वेळा सांगतो. बॅकअप घ्या, बॅकअप घ्या. लोकांना हे सांगावं लागतं!
८.५०. बॅकअप घेतला. आईचे सगळे निरोप, एकशे बासष्ट. नवीन फोल्डर केला, त्याला 'आई महत्त्वाचे' असं नाव दिलं. आप्पांना शोधायला लागू नये म्हणून फोनमध्येच ठेवला.
९.०५. ही म्हणाली, मोबाईलवालीला एकदा विचारून घ्या. म्हणालो, कामात आहे.
९.१२. ओळ टाईप केली. फोनने विचारलं, नक्की? हो.
९.१४. फोन कोरा होतोय. छान.
९.१५.
९.१६. बॅकअप फोनमध्ये होता.

१५ जून, संध्याकाळ
कानाचं ॲप चालू झालं. पहिल्या झटक्यात. कुलूप बंद, रूट नाही, सगळं कंपनीतून आल्यासारखं. तांत्रिकदृष्ट्या मोहीम पूर्ण यशस्वी.

जेवलो नाही.

१६ जून, सोमवार
रजा टाकली. पुसलेलं परत मिळवून देणारे प्रोग्रॅम आणले. चारही प्रोग्रॅम म्हणतात काही नाही. कुलूप लावल्यावर जुन्या माहितीची किल्लीच फोन फेकून देतो म्हणे. सुरक्षेसाठी. कोणाच्या?

गावी ताईला फोन केला. ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, आवाज आईसारखाच. तिला म्हणालो, सहज काही वाक्यं रेकॉर्ड करून पाठवशील का, 'अहो, जेवायला या' वगैरे. तिने विचारलं, काय केलंस? म्हणालो, काही नाही. ती म्हणाली, पुन्हा विचारते, काय केलंस? नेटवर्क नव्हतं म्हणून फोन ठेवला.

१७ जून, मंगळवार
आप्पांनी फोन मागितला. म्हणालो, चार्ज होतोय. वायर लावलेली नव्हती. त्यांनी ते पाहिलं असं मला वाटतं.

क्लिनिकची वेळ गुरुवारची आहे. बाई मशीन फोनला जोडतील, आप्पा आईचा निरोप शोधतील. दोन दिवस हातात आहेत. काय करता येईल याची यादी करायला बसलो. यादी झाली नाही.

१८ जून, बुधवार
ठरवलं, सांगून टाकायचं. पण टप्प्याटप्प्याने. आधी सराव. आप्पांना मशीनशिवाय काही ऐकू येत नाही आणि मशीनचा डबा कपाटावर होता. म्हणजे त्यांच्यासमोरच सराव करता येईल, हा विचार मला सुचला याचं तेव्हा बरं वाटलं.

ऑफिसातून आलो तेव्हा ते गॅलरीत खुर्चीवर बसले होते. मी शेजारी स्टूल घेतलं. रस्त्याकडे बघत, नेहमीच्या आवाजात सगळं बोललो. रूट मीच केलं. क्लिनिकमध्ये गप्प बसलो. निरोप माझ्या हातून गेले. आई दुसऱ्यांदा गेली आणि ती मी घालवली. इतकं बोलायचं नव्हतं. सराव होता म्हणून बोललो.

आप्पा म्हणाले, "नाक पूस."

मी मागे वळून कपाटाकडे बघितलं. ते म्हणाले, क्लिनिकवाल्यांचा फोन आला होता, आजच या म्हणून. दुपारी सूनबाई घेऊन गेली. दोन्ही मशीन कानात आहेत. डबा रिकामा आहे.

मी खाली बघितलं. त्यांनी एक कान थोडा वळवून मला दाखवला. खरंच काही दिसत नाही. उत्तम बनावट आहे.

मग म्हणाले, दुकानात घड्याळ आलं की पट्टा आधी काढून बाजूला ठेवायचा, उघडल्यावर काय होईल सांगता येत नाही. फेब्रुवारीत तू फोन सुधारून देतो म्हणालास, तेव्हा तुझ्या हातात देण्याआधीच सूनबाईला घेऊन मोबाईलवालीकडे गेलो होतो. सगळे निरोप तिने छोट्या कार्डावर उतरवून दिले. आज तिनेच ते परत फोनमध्ये घातले.

मी विचारलं, मग मला का नाही सांगितलं?

"तू विचारलंस कुठे?"

१९ जून, गुरुवार
हिला विचारलं, चार महिने माहीत होतं? म्हणाली, दोनदा सांगितलं, मोबाईलवालीकडे जा. हे खरं आहे. नोंद आहे.

दुपारी आप्पांनी मला बोलावलं. फोनचा आवाज खोलीत ऐकू येईल असा केला आणि एक निरोप लावला. पाच वर्षांपूर्वीचा. मागे कुकरची शिट्टी. मग आई:

"अहो, निघालात का? लवकर या. ह्याने मिक्सर उघडलाय. सगळे भाग टेबलावर मांडलेत आणि एक उरलाय म्हणतो. मी काही बोलले नाही त्याला. तुम्हीही बोलू नका. बसलाय बिचारा तोंड पाडून. येताना स्क्रूड्रायव्हर आणा."

आप्पा हसले. दोन वर्षांत ते असे हसलेले मी पाहिले नव्हते. मीही हसलो. मग उठून आत गेलो. डोळ्यांत काहीतरी गेलं होतं, मिक्सरचं असेल.

तो उरलेला भाग कंपनीनेच जादा दिला होता, असं माझं आजही मत आहे.

२२ जून, रविवार
आप्पांच्या फोनचा वेग थोडा कमी वाटतो, म्हणून सहज हातात घेतला. पासवर्ड मागितला. याआधी कधी नव्हता. आप्पांना विचारलं. म्हणाले, आठवत नाही. या वयात व्हायचंच.

मग त्यांनी आतून हिला हाक मारली. ती हात पुसत आली, माझ्याकडे पाठ केली, सहा आकडे दाबले आणि फोन त्यांच्या हातात दिला.

सुरक्षेची सवय चांगलीच. कोणीतरी घरात लावली असणार.