कमानीखालचा फोटो आणि स्वस्तातला फ्लॅश

लेमविग, मंगळवार, वारा पश्चिमेचा

ती. क्रेस्टेन मामांस,

भाचा एस्बेन याचा वाकून नमस्कार. (पूर्ण वाकता येत नाही. कमानीचा खांब धरताना कमरेत लचक भरली आहे, पण मन पुरतं वाकलेलं आहे असं धरून चालावं.) तुमची तब्येत उत्तम असणार. नॉर्वेत गेलेल्यांची तब्येत उत्तमच असते असं आई म्हणते, आणि त्यात कौतुक किती नि टोमणा किती हे मला अजून उमगलेलं नाही. इकडे सगळे जिवंत आहेत. पाऊस आडवा पडतो. दुपारी जेवून ताट धुवेपर्यंत अंधारतं, आणि मग पुढचा सगळा वेळ एकमेकांची तोंडं बघण्यात जातो.

पत्र लिहायला कारण तसं धंद्याचं आहे. तुम्ही बोटींचे आणि विकाऊ घरांचे फोटो काढता, उघड्यावर, जिथे तार ओढायला भिंतसुद्धा नसते, तेव्हा बॅटरीवर चालणाऱ्या फ्लॅशमधलं आपल्या घराण्यात तुमच्याइतकं कोणालाच कळत नाही. मीही या वसंतापासून फोटोग्राफर आहे. (त्याआधी फेरो बेटांवर मासे डब्यात भरत होतो. त्याआधी एका पवनचक्कीवाल्याकडे होतो, पण उंचीचं आणि माझं जमलं नाही. त्याआधीची शाळा मी अर्ध्यात सोडली हे तुम्हाला माहीत आहे, कारण तेव्हा मला शाबासकी देणारे जगात तुम्ही एकटेच होतात.) तर प्रश्न असा, की खिशाला परवडेल, पाठीवर नेता येईल आणि थंडीत दगा देणार नाही असा फ्लॅश कोणता घ्यावा. हा प्रश्न मी दुकानात जाण्याआधी विचारायला हवा होता. मी नंतर विचारतो आहे, म्हणून पत्र लांबणार.

आजी-आजोबांच्या लग्नाला या महिन्यात पन्नास वर्षं झाली. आमंत्रण तुम्हाला गेलं होतं, उत्तर आलं नाही, पोस्टाचा दोष असावा. पण सोहळ्यामागचं एक आमंत्रणात लिहिलेलं नव्हतं. आजोबांना गावातल्या वृद्धनिवासात जागा मिळाली आहे. एकट्यांनाच. आजीला नाही, कारण आजीला सगळं आठवतं, आणि आठवणाऱ्या माणसाला तिथे घेत नाहीत. डिसेंबर लागला की ते जाणार. आजीने आयुष्यात माझ्याकडे काही मागितलं नव्हतं (तिने मागावं असं माझ्याकडे काही नव्हतंही), पण या खेपेला मला स्वयंपाकघरात बसवून म्हणाली, "आम्ही दोघं आमच्या दारात, कमानीखाली, एवढा एक फोटो काढ. बाकी पावाचे नि पाहुण्यांचे नाही काढलेस तरी चालेल."

आता तुम्ही म्हणाल, यात फ्लॅश कुठे आला. मामा, तुम्ही आपला रिवाज विसरलात का? शेजारी येऊन दाराला हिरव्या फांद्यांची कमान बांधून वर वर्षांचा आकडा लावणार, पहाटे अंधारात दाराशी जमून गाणार, आणि नवरा-बायको गाण्याने जाग आल्यासारखे दार उघडणार. त्यांनी आदल्या दिवसापासून ठोकाठोकी ऐकलेली असते, आजीने केस बांधून वर जाळी लावलेली असते, पाव आणून ठेवलेले असतात. पण झोपेचं सोंग प्रामाणिकपणे करायचं असतं. जूनमध्ये लग्न केलेल्यांचं ठीक आहे. यांनी नोव्हेंबरात केलं. (का, ते मी आजीला विचारलं. म्हणाली, तेव्हा बीट काढून झालेलं असतं.) आपलं दार उत्तरेला, सूर्य आठनंतर येणार तोही ढगातून, आणि प्लग फक्त स्वयंपाकघरात. तिथून तार आणायची तर खिडकी उघडी हवी, आणि खिडकीतून तार जाताना दिसल्यावर झोपेचं सोंग कोण करणार? म्हणजे बॅटरीवाला फ्लॅश आलाच.

होल्स्टेब्रो शहरातल्या दुकानदाराने मला तीन वस्तू दाखवल्या. पहिला कॅमेऱ्यावर बसणारा छोटा, चार साध्या सेलवर चालणारा. तो म्हणाला, "वाढदिवसाच्या केकला पुरेल. दारात दोन माणसं, वर कमान, भोवती अंधार, त्याला नाही पुरायचा. आणि एकदा उडाला की पुन्हा भरेपर्यंत तुझी कॉफी पिऊन होईल." दुसरा मोठा, वेगळ्या बॅटरीचा, खांद्याला लटकवायचा, त्याची किंमत ऐकून मी दुकानातल्या पट्ट्या आणि पिशव्या बघू लागलो. तिसरा मधला, थर्मासएवढा, बॅटरी पोटात, नाव कधी न ऐकलेलं. मी विचारलं, हा कसा आहे. म्हणाला, "तीन गोष्टी बघ. ताकद किती, परत भरायला वेळ किती आणि गारठ्यात टिकतो किती. बाकी सगळं खोक्यावरचं चित्र असतं." मी म्हटलं, मग याचं काय. म्हणाला, "याच्या खोक्यावरचं चित्र चांगलं आहे." पश्चिमेकडची माणसं विकायला बसली तरी अशी. मी तो घेतला. सोबत रेडिओची कळ घे म्हणजे लांबून उडवता येईल, असंही त्याने सांगितलं. पण या फ्लॅशला एक डोळा असतो. दुसरा कुठलाही फ्लॅश उडालेला दिसला की हा आपोआप उडतो. माझ्याकडे मित्राकडून आणलेला एक बारकासा होताच, तो कॅमेऱ्यावर लावला की काम झालं. कळीचे पैसे वाचले. (त्यातून परत येताना सॉसेज खाल्लं. तिथे एक कुत्रा होता, त्याला माझा फ्लॅश फार आवडला. पण ते असो.)

सोहळ्याच्या पहाटे सगळ्यांच्या आधी जाऊन, दाराच्या उजवीकडे स्टँड रोवून, त्यावर फ्लॅश चढवून मी तयार होतो. मामा, आयुष्यात पहिल्यांदा मी वेळेआधी पोचलो होतो, आणि ते अंगाशी आलं. रात्रीच्या वाऱ्याने कमान डावीकडून कलली होती. बोडिलबाई (तुमच्या वेळेपासून सगळ्या कमानींच्या सेनापती, आता आवाज आणखी वाढला आहे) हातात हातोडा घेऊन आल्या आणि माझ्या फ्लॅशमधला तो छोटा दिवा त्यांना दिसला, जो नुसता प्रकाश कुठे पडेल हे बघण्यासाठी असतो. "एस्बेन, तो इकडे फिरव नि पेटता ठेव. नाचायचं नाही, खांब ठोकायचा आहे." म्हटलं, बोडिलबाई, त्याने बॅटरी जाते. म्हणाल्या, "कमान पडली तर आब्रू जाते."

तर दिवा पेटता, गारठा असा की नाकातलं गोठावं, आणि आम्ही खांबाशी झटतोय, तेवढ्यात मागच्या दाराने आजोबा आले. पायात लाकडी बूट, रात्रीच्या कपड्यांवर गोठ्यातला कोट, आणि हातात स्वतःचा हातोडा. झोपेचं सोंग करायचं ते विसरले होते. खरं तर आपल्यालाच ते करायचं आहे हे विसरले होते.  कोणाला कुठे बघावं कळेना. आजोबांनी कमान खालून वर पाहिली आणि विचारलं, "कोणाकडे कार्य आहे?"

बोडिलबाईंनी हातोडा खाली केला. मग म्हणाल्या, "ओळखीचेच आहेत, अंटोन. पन्नास वर्षं झाली त्यांच्या लग्नाला."

"बाई चांगली आहे?"

"चांगली आहे."

"मग इतका वर कशाला मारताय खिळा, खाली मारा, फांदीला धरून राहील," असं म्हणून त्यांनी तीन खिळे मारले, एकेक दोन घावांत, वाकडा एकही नाही. (आमच्यातल्या कोणाच्याही हातून अंधारात असा खिळा गेला नव्हता. मी कमरेला हात लावून बघत होतो.) मग बोडिलबाई त्यांचा कोपर धरून म्हणाल्या, "आता आत जा. गाणं आतून ऐकायचं असतं." गेले बिचारे. जाताना मला म्हणाले, "पोरा, तुझा कंदील चांगला आहे."

आता विगो. तुम्हाला विगो आठवत असेल, पलीकडच्या वळणावरचा, ज्याने एकदा तुमच्या सायकलवरून डुक्कर नेलं होतं. विगोकडे जुना खिशातला कॅमेरा आहे, आणि त्याला डोळे लाल येऊ नयेत म्हणून आधी चारपाच वेळा लुकलुकून मग उडायची खोड आहे. लोक जमले, तुतारीवाला आला, आणि विगोने पावांचा फोटो काढला. माझा थर्मास धडाड धडाड उडाला. त्याने तुतारीचा काढला. धडाड. बोडिलबाईंच्या टोपीचा काढला. मी हातापाया पडून म्हटलं, विगोकाका, आता नका हो, माझा त्याला बघून उडतो. विगोकाका खूश झाले. "म्हणजे माझ्यामुळे जास्त उजेड पडतो? मग काढतोच की." हे मामा, दुकानदाराच्या तीन गोष्टींत नव्हतं. त्याने चौथी गोष्ट सांगायला हवी होती, की शेजारी कसे आहेत.

गाणं सुरू झालं, आणि दुसऱ्या कडव्याला दार उघडलं. आजी निळ्या झग्यात. आजोबा तिच्या शेजारी, आणि त्यांनी तिचा हात धरलेला, दोन्ही हातांनी, जसा गाय विकत घेताना व्यवहार पक्का करायला धरतात तसा. ते आमच्याबरोबर गात होते. सगळे शब्द बरोबर. मग गाता गाता त्यांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं आणि त्यांना ती ठाऊक होती, मामा. एवढं मी सांगू शकतो, मी समोर होतो, डोळा कॅमेऱ्याला लावलेला. त्या क्षणाला विगो लुकलुकला, आणि मागोमाग मी बटण दाबलं. माझा फ्लॅश उडाला नाही. दिव्याने अर्धा आणि विगोने अर्धा असा तो संपला होता. माझ्या फोटोत एक फांदी आणि पन्नासातलं शून्य आलं आहे. विगोच्या फोटोत माझी पाठ फार स्वच्छ आली आहे.

पुन्हा काढावा म्हणेपर्यंत बोडिलबाईंनी आजीला मिठी मारली, लोक आत घुसले, सकाळी सकाळी कडू दारूचे पेले फिरले. आजोबांना बाहेर चला म्हटलं तर म्हणाले, बाहेर थंडी आहे आणि घरात कोणाचे तरी पाहुणे आलेत.  आजीने मला पाव दिला, त्यावर लोणी जास्त लावलं. ओरडली असती तर बरं झालं असतं.

म्हणून विनंती: तुमचा मोठा फ्लॅश, तो खांद्याला लटकवायचा, रेडिओच्या कळीसकट, थोड्या दिवसांसाठी पाठवावा. कमान अजून उभी आहे. नीट जपेन.

तुमचा,
(कंबर वगळता) धडधाकट भाचा
एस्बेन

ता. क. पोस्टात चौकशी केली. एवढी मोठी बॅटरी पार्सलने पाठवू देत नाहीत, वाटेत पेट घेते म्हणे. तेव्हा पाठवू नका. कोणीतरी हातात घेऊन बोटीने यावं लागेल. असं कोण आहे ते तुम्हीच बघा.

ता. क. दुसरा. पत्र टेबलावर राहिलं आणि आजीने वाचलं. म्हणते, एवढा फ्लॅश फ्लॅश कशाला, दुपारी काढ, तेव्हा दिसतं की. मी म्हटलं, रिवाज पहाटेचा आहे. म्हणाली, रिवाज झाला, आता फोटो काढायचा आहे. तेव्हा फ्लॅश आणू नका. मी वर लिहिलेलं सगळं फुकट गेलं, पण खोडत नाही, कारण मेहनत पडली आहे.

ता. क. तिसरा. मग आज दुपारीच काढूया म्हणून मी कॅमेरा आणला, तर आजी दारात येईना. क्रेस्टेन आल्यावर, म्हणाली. कमान बांधणाऱ्यांनीच ती उतरवायची आणि त्यांना जेवू घालायचं, हे तुम्हाला आठवत असेल. बोडिलबाई रोज विचारून जातात, फांद्या तपकिरी पडल्या, गावात बोलणं होतंय. आजी म्हणते, राहू दे उभी. डिसेंबर शनिवारपासून लागतो. गोठा पुढे कोण चालवणार यावरून तुमचं नि आजोबांचं काय बोलणं झालं होतं ते मला कोणी कधी नीट सांगितलं नाही, पण एवढं सांगतो की आजोबा ते विसरले. आता ते भांडण एकट्या तुमच्याकडे आहे.

काल जेवताना त्यांनी विचारलं, क्रेस्टेन गुरांकडून आला का. मी म्हटलं, वाटेत आहे. म्हणाले, मग दार लावू नकोस, त्याच्या दोन्ही हातांत बादल्या असतील.